सुवार्ता सांगणाऱ्याची जबाबदारी कुठवर आणि ऐकणाऱ्याची कुठून?

शरणपूरकर:
रविवारी उपासना संपल्यावर आमच्या तरुण संघात एका प्रश्नावर चांगलीच जुंपली. सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगितली की आपलं काम संपलं का? बहुतेकांचं म्हणणं, हो. आधाराला पौलाचं वचन होतंच: मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवलं देवानं. वचन मलाही मान्य आहे. पण त्यात पाणी घालणारा माणूसही आहे, त्याचं काय?

माझं मत सांगते. विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पाळक झाला, नवरा झाला, कुणीच त्याच्या वतीनं 'हो' म्हणू शकत नाही. सगळं सांगण्याची जबाबदारी मात्र सांगणाऱ्याची, आणि त्यात किंमतही आली. अनुसूचित जातीतला एखादा मुलगा बाप्तिस्म्याला उभा राहतो, तेव्हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, हे त्याला आधी कोण सांगतं? (पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासींचा दर्जा धर्माशी बांधलेला नाही, तिथे हे लागू होत नाही. हा फरक प्रचाराला जाणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.) घरच्यांनी बोलणं टाकलं तर सणावाराला त्यानं कुणाच्या घरी जेवायला जायचं? येशूनं श्रीमंत तरुणाला किंमत तोंडावर सांगितली. तो खिन्न होऊन निघून गेला, तरी अट कमी केली नाही.

ऐकणाऱ्यावरही काही आहेच. बरं वाटलं म्हणून किंवा घरातल्यांनी घेतला म्हणून बाप्तिस्मा घेऊ नये. नवा करार स्वतः वाचावा, अडेल तिथे विचारावं. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या लावतात, नवस फेडतात, घरी जातात. ती श्रद्धा खरीच असते, पण त्याला शिष्य होणं म्हणत नाहीत.

पहारेकरी_३३:
ताई, जय ख्रिस्त. तुमचं बोलणं शहाणपणाचं आहे, पण त्यात तातडी नाही. यहेज्केलाचा ३३ वा अध्याय काढा. तलवार येताना दिसली आणि पहारेकऱ्यानं कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब देव त्याच्याकडे मागतो. मी दारूत पार बुडालो होतो. नाशकातल्या द्वारकेवरून नाशिकरोडला जाताना शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या माणसानं मला येशूबद्दल सांगितलं. उतरताना खिशातला छोटा नवा करार माझ्या हातात दिला, पानांना तेलाचे डाग होते. त्यानं तेव्हा जातीच्या दाखल्यांचा आणि सवलतींचा हिशेब मांडला असता, तर मी उतरून सरळ गुत्त्यावर गेलो असतो. आधी जीव वाचू दे, बाकीचं मंडळी, म्हणजे चर्च, बघेल.

गोदाकाठ:
मी ख्रिस्ती नाही. सांगितलंच पाहिजे, हे तुम्ही दोघांनीही धरूनच चालला आहात. घटनेच्या २५ व्या कलमात प्रचाराचा हक्क आहे, मान्य. पण १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही.

माझी मावशी दवाखान्यात होती. नाकात नळी, हाताला सलाईन. दोघी अनोळखी बायका आल्या, कपाळावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि उशीखाली पत्रिका सरकवून गेल्या. मावशीला मान हलवून 'नको' म्हणायचीही ताकद नव्हती. त्या बायकांनी कुणाला विचारलं? जिला नकार देता येत नाही, तिच्या होकाराला काय किंमत?

येवलेकर:
मी बौद्ध आहे, म्हणून थोडं बोलतो. बाबासाहेबांनी आमच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मधल्या एकवीस वर्षांत अनेक धर्मांची माणसं त्यांच्याकडे आपलं म्हणणं घेऊन आली. त्यांनी ऐकलं, वाचलं, तपासलं, आणि मग ठरवलं. गोदाकाठ, सांगणाऱ्यांची तोंडं बंद केली तर निवडायचं कशातून? पण शरणपूरकर, तुमचं 'ज्याचं त्यानं' मला अर्धंच पटतं. नागपुरात लाखो लोक एकत्र उभे होते. एकट्यानं वाट बदलायला फार बळ लागतं, वस्तीनं मिळून बदलली तर माणूस उघड्यावर पडत नाही.

शरणपूरकर:
गोदाकाठ, दवाखान्यात घडलं ते चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पेत्रानं लिहिलंय, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. तुमच्या मावशीनं काही विचारलंच नव्हतं.

येवलेकरदादा, सोबत हवी हे खरं, पण सोबत असली तरी निर्णय वेगळा असू शकतो. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं पाहा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे गेल्या नाहीत, माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही काही काळ त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं. जातिभेद देवानं केलेला नाही हे त्यांना स्वतःला पटलं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या विश्वासावर त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि टिळकांनीही त्यांना सोडून दिलं नाही. मी म्हणते ती जबाबदारी ही.

पहारेकरी_३३:
लक्ष्मीबाईंना पाच वर्षं मिळाली. सगळ्यांना मिळत नाहीत, मी वॉर्डात माणसं जाताना पाहिली आहेत. गोदाकाठ, तुमच्या मावशीच्या बाबतीत आधी विचारायला हवं होतं, घरच्यांना तरी. ते मी मानतो, आणि आमच्या भेटीला जाणाऱ्या गटातही मांडणार आहे. 'नको' म्हटलं तर परत फिरेन. पण न विचारताच खाटेपाशून निघून जा असं म्हणाल, तर ते माझ्याच्यानं होणार नाही.