मदत हवी आहे: लॅबमधून जैवसुरक्षा धोरणाकडे कसं वळायचं?

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, सध्या पुण्यात एका लस कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणी) आहे. तिथल्या जैवसुरक्षा समितीची कागदपत्रं करता करता घातक जंतू आणि जनुकीय बदल केलेल्या जीवांबद्दलचे १९८९चे नियम वाचले आणि पिपेटपेक्षा हेच जास्त आवडायला लागलं.

अडचण अशी की आपल्याकडे हा विषय सगळीकडे विखुरलाय. पर्यावरण मंत्रालयाकडे जीईएसी (जनुक अभियांत्रिकी मूल्यांकन समिती), जैवतंत्रज्ञान विभागाकडे आरसीजीएम (जनुकीय बदलांच्या संशोधनावर लक्ष ठेवणारी समिती), घातक जंतूंच्या निर्यातीला डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालय) स्कोमेट ही निर्यात-नियंत्रण यादी, शिवाय सामूहिक संहाराच्या शस्त्रांवरचा २००५चा कायदा वेगळाच. जैविक शस्त्रबंदी करार १९७५पासून लागू आहे, पण त्यात पडताळणीची यंत्रणाच नाही. मला काम करायचंय ते नेमकं यावर. पण अशा कामाची जाहिरात येते तरी कुठे?

आधी सार्वजनिक धोरणाची पदवी घ्यावी की एलएलबी? बंगळुरूच्या तक्षशिला या धोरण-अभ्यास संस्थेचा कोर्स कुणी नोकरी सांभाळून केलाय का? या कराराच्या बैठका जिथे होतात त्या जिनिव्हात इंटर्नशिप केलेलं कुणी असेल तर खर्चाचं कसं जमवलंत तेही सांगा. घरी ‘आता परत शिक्षण?’ सुरू झालंच आहे, त्यामुळे ‘पीएचडी कर’ सोडून कुठलाही सल्ला चालेल.