मदत हवी आहे: बायबल वाचते, पण अभ्यास होत नाही

जय ख्रिस्त. मी नागपूरची, नोकरी करते. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सलग वाचायला घेतलं की लेवीय या पुस्तकातल्या अर्पणांच्या नियमांपाशी गाडी अडते. नीतिसूत्रे या पुस्तकाचे 31 अध्याय तारखेप्रमाणे वाचून पाहिले. सोपं पडतं, पण दुपारी विचाराल तर एक वचन आठवत नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप सुचवू नका, हात आपोआप व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. मंडळीतला (चर्चमधला) महिलांचा वर्ग दुपारी असतो, तेव्हा मी ऑफिसात. डबे करायच्या आधी पहाटे अर्धा तास मिळतो. वचनांचा अर्थ उलगडणारे इंग्रजी टीकाग्रंथ झेपत नाहीत.

आता बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र घेतेय, चारच अध्याय आहेत. एकटीने अभ्यास करणाऱ्या बहिणींनो, एका बैठकीत किती वचनं घेता आणि वहीत नेमकं काय लिहिता?