उणे ८ च्या रात्रींसाठी स्लीपिंग बॅग: डाउन की सिंथेटिक?

पायपीट:
पाच दिवसांचा ट्रेक आहे, मुक्काम सगळे टेंटमध्ये. रात्री पारा उणे ५ ते उणे ८ पर्यंत उतरेल असं धरून चाललेय. सॅक ५० लिटरची आहे आणि तीच न्यायचीय, मोठी घेतली की मी ती भरतेच. मला थंडी इतरांपेक्षा जरा जास्तच वाजते, पाय तर लगेच गारठतात. दोन बॅगांपाशी येऊन अडलेय.

पहिली डाउनची, म्हणजे बदक-हंसाच्या मऊ पिसांची. टॅगवर ठळक अक्षरांत उणे १०. एकूण वजन ९५० ग्रॅम, त्यात ८०० फिल पॉवरचं डाउन ५०० ग्रॅम. खाली बारीक अक्षरांत कम्फर्ट उणे ३, लिमिट उणे १०, एक्स्ट्रीम उणे २७.

दुसरी सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम तंतूंची. कम्फर्ट उणे ६, लिमिट उणे १२, वजन २.१ किलो. कितीही दाबली तरी अर्धी सॅक खाते.

पहिलीवर उणे १० लिहिलंय म्हणजे उणे ८ ला चालेल ना? मॅट माझ्याकडे आहे, साधी फोमची.

आडवाट:
सिंथेटिक घ्या. डाउन ओलं झालं की त्याचा लगदा होतो आणि टेंटमध्ये ते लवकर वाळत नाही. सिंथेटिक ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. वजनाचं काय, दोन दिवसांत सवय होते.

सुईदोरा:
पायपीटताई, मी स्लीपिंग बॅगा दुरुस्त करते. टेबलावर कुणाची ना कुणाची बॅग उसवलेली पडलेलीच असते, त्यामुळे माझं मत आतल्या बाजूने बनलेलं आहे. तुमच्या दोन्ही बॅगा बाद.

आधी टॅग. हे आकडे आयएसओ २३५३७ या चाचणीचे, आधी तिचं नाव ईएन १३५३७ होतं. आतून तापवलेल्या पुतळ्याला थर्मल कपडे घालून, खाली मॅट देऊन बॅगेत झोपवतात आणि उष्णता किती निसटते ते मोजतात. त्यावरून कम्फर्ट काढतात: सर्वसाधारण बाई ऐसपैस झोपली तरी तिला थंडी वाजू नये ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून आठ तास कसाबसा झोपू शकेल तिथवर. एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव तगेल इतकंच, तो आकडा बघायचाच नाही. ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा लिमिटचा असतो, तुमच्या पहिल्या बॅगेवर तेच झालंय. उणे ८ ची रात्र आणि थंडी लवकर वाजणारी बाई, म्हणजे कम्फर्टच उणे १० च्या आसपास हवा.

तेवढी ऊब सिंथेटिकमध्ये शोधलीत तर सॅकमध्ये बाकी काही मावणार नाही. म्हणून डाउनच, पण जास्त भरलेलं. फिल पॉवर ८०० म्हणजे २८ ग्रॅम डाउन फुलून साधारण १३ लिटर जागा व्यापतं. लोक हाच आकडा बघतात आणि आत डाउन किती ग्रॅम आहे ते विचारत नाहीत. नुसत्या ८०० ने ऊब येत नाही, ग्रॅमही लागतात. तुमच्या गरजेला याच प्रतीचं सातशे-आठशे ग्रॅम धरा. अख्खी बॅग सव्वा ते दीड किलोत बसते, म्हणजे त्या सिंथेटिकपेक्षा हलकीच.

मग शिवण. डाउन एकीकडे गोळा होऊ नये म्हणून बॅगेला आडवे कप्पे असतात. स्वस्त पद्धत म्हणजे बाहेरचं आणि आतलं कापड एकमेकांना थेट शिवून टाकायचं. त्या टाक्यांच्या रेषेवर डाउन शून्य, गारवा तिथूनच आत येतो. चांगल्या बॅगेत दोन कापडांमध्ये जाळीच्या कापडाची उभी भिंत शिवलेली असते, त्यामुळे शिवणीपाशीही जाडी राहते. ओळखायला सोपं आहे: शिवणीवर बॅग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि बोटं एकमेकांवर सरकवा. दोन्ही कापडं वेगवेगळी सरकली तर मध्ये भिंत आहे. अजिबात हलली नाहीत तर ती बॅग पारा शून्याखाली जाणार असेल तेव्हा नेऊ नका.

गळ्याभोवती भरीव कॉलर आणि झिपच्या आतून डाउनची नळी असावी. रंगाबिंगात वेळ घालवू नका.

आणि हे सगळं त्या फोमच्या मॅटवर वाया जाईल. अंगाखालचं डाउन तुमच्याच वजनाने चपटं होतं, खालून जमीन ऊब ओढत राहते आणि तिला अडवते ती फक्त मॅट. साध्या फोमचं आर मूल्य, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, २ च्या आसपास असतं, तुम्हाला ५ तरी हवं. आर मूल्यांची सरळ बेरीज होते, तेव्हा फोम फेकू नका, त्यावर ३-४ आरची हवेची मॅट टाका. आकडा एएसटीएम एफ३३४० चाचणीचा आहे ना एवढं बघा, म्हणजे दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येते. बॅग आणि मॅट दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी मॅट.

पायपीट:
बापरे. म्हणजे उणे १० ला भुलले होते. पहिली बॅग घेऊन आत लायनर, म्हणजे पातळ कापडाचं सुटं अस्तर, घातलं तर नाही का चालणार? आणि आडवाट म्हणतात त्या ओलाव्याचं काय?

टेकाड:
पाऊस टाळता येतो. बॅग वॉटरप्रूफ पिशवीत घालून सॅकच्या तळाशी ठेवायची. खरा ओलावा आपल्याच घामाचा आणि श्वासाचा असतो. टेंटची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर सकाळी आतून पाणी टपकतं. उठल्याबरोबर बॅग कोंबू नका, आतली दमट हवा दाबून काढा आणि चहा होईपर्यंत पसरून ठेवा. दुपारच्या थांब्यावर ऊन असेल तर पुन्हा पसरा. मी डाउनच वापरतो, पाच दिवसांना अडचण येत नाही. सलग कित्येक आठवडे कडाक्याच्या थंडीत राहायचं असेल तर गोष्ट वेगळी.

सुईदोरा:
टेकाडांना दुजोरा. त्यात भर एवढीच की नाक-तोंड बॅगेबाहेर. हूड आवळून चेहऱ्यापुरतं भोक ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बॅगांमध्ये हनुवटीपाशीच्या एकाच कप्प्यात डाउनचे चिकट गोळे सापडतात, बाकी बॅग टवटवीत. तो सगळा श्वासाचा ओलावा आणि चेहऱ्याचं तेल.

लायनरवर छापलेल्या अंशांवर फार विसंबू नका. रेशमी लायनर १००-१५० ग्रॅमचं असतं, बॅग आतून स्वच्छ राहते, पण कम्फर्टमधला ५-७ अंशांचा खड्डा त्याने भरत नाही. पायांसाठी डाउन जॅकेटची चेन लावून ते बॅगेच्या पायथ्याशी घाला. झोपताना घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात गुंडाळून मांड्यांमध्ये धरा.

तुमची उंची किती?

पायपीट:
१५५ सेंमी. का?

सुईदोरा:
मग आखूड मापाची घ्या. १८० सेंमीच्या बॅगेत पायाखाली वीतभर पोकळी उरेल आणि ती रात्रभर तुमच्याच अंगाला तापवावी लागेल. फार घट्टही नको, आतून दाबलेलं डाउन फुलत नाही. दुकानात लाजू नका, जाड मोजे घालून आत शिरा, झिप गळ्यापर्यंत लावा आणि कुशीवर वळा. बोटं टोकाला टेकायला नकोत आणि गुडघा दुमडताना कापड ताणायला नको. झिप आतून एका हाताने उघडते का तेही तेव्हाच बघा, अंधारात ती नळीच्या कापडात अडकली की वैताग येतो.

आणि घरी आणल्यावर ती कोंबायच्या पिशवीत ठेवू नका. मोठ्या सुती पिशवीत सैल सोडा.