बॅकअप मेल सर्व्हरवर येणारा स्पॅम मोठे पुरवठादार कसा हाताळतात?

प्रश्न

नमस्कार. एका लहान शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. मुख्य सर्व्हर संस्थेच्याच इमारतीत आहे. पावसाळ्यात वीज गेली किंवा फायबर तुटली की तो चार-चार तास बंद पडतो, म्हणून दुसऱ्या शहरात भाड्याच्या यंत्रावर एक बॅकअप सर्व्हर ठेवला आहे. डीएनएसमध्ये (इंटरनेटवरील पत्त्यांच्या नोंदवहीत) मुख्य सर्व्हरच्या एमएक्स नोंदीला, म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणाऱ्या नोंदीला, १० आणि बॅकअपच्या नोंदीला २० हा क्रमांक दिला आहे. लहान क्रमांकाचा सर्व्हर आधी गाठायचा असा नियम असूनही, मुख्य सर्व्हर व्यवस्थित चालू असताना बॅकअपवर दिवसभर मेल येत राहतात आणि लॉग चाळला तर त्यांत कामाचा एकही सापडत नाही.

काल सकाळी बॅकअपची क्यू (पुढे जाण्यासाठी थांबलेल्या मेलची रांग) पाहिली, तर तीन हजारांहून अधिक मेल अडकलेले होते. बहुतेक सगळे ‘मेलर-डीमन’च्या नावाचे, म्हणजे आमच्याच सर्व्हरने तयार केलेले बाउन्स (मेल पोहोचला नाही असे पाठवणाऱ्याला कळवणारे मेल) होते. मूळ मेल ज्यांच्या नावे आले होते, ती अभय, अभिजित, अजय अशी एबीसीडीच्या क्रमाने लावलेली नावे आमच्याकडे नाहीतच. त्यातच परदेशातील एका गृहस्थांनी लिहिले आहे की, त्यांनी आम्हाला कधीही मेल पाठवलेला नसताना ‘असा पत्ता येथे नाही’ अशी चाळीस उत्तरे एका रात्रीत त्यांना आमच्याकडून मिळाली. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही. गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे हा प्रकार कसा थांबवला जातो?

प्रतिसाद १

त्या गृहस्थांची मनापासून क्षमा मागा, कारण चूक तुमच्या मांडणीत आहे. स्पॅम पाठवणारे मोठ्या क्रमांकाची एमएक्स नोंद मुद्दाम निवडतात. बॅकअपवर गाळणी सैल असते, तिथे खऱ्या पत्त्यांची यादी नसते आणि मुख्य सर्व्हर बॅकअपकडून आलेल्या मेलवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

तुमचा बॅकअप संस्थेच्या डोमेनसाठी आलेला कोणताही मेल ‘२५० ओके’ (स्वीकारला) म्हणून घेतो. एकदा ते उत्तर दिले की त्या मेलची जबाबदारी त्याची होते. पुढे मुख्य सर्व्हर तोच मेल ‘५५०’ (कायमचा नकार) म्हणून नाकारतो आणि बॅकअपला तो पाठवणाऱ्याकडे परत करावा लागतो. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असल्यामुळे तो बाउन्स भलत्याच माणसाच्या माथी बसतो. यालाच बॅकस्कॅटर म्हणतात, आणि तो वाढला की बॅकअपचा आयपी (इंटरनेटवरील क्रमांक-पत्ता) काळ्या यादीत जातो. याउलट बॅकअपने संभाषण चालू असतानाच दारात ‘५५०’ म्हटले, तर बाउन्स तयार करण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

तुमच्याकडे पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर असेल तर ‘रिले_रेसिपियंट_मॅप्स’मध्ये खऱ्या पत्त्यांची यादी ठेवा आणि ती मुख्य सर्व्हरवरून रोज आपोआप येईल अशी सोय करा. यादी ठेवणे जमत नसेल, तर ‘रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट’ वापरून बॅकअप प्रत्येक पत्त्याबद्दल मुख्य सर्व्हरला विचारू शकतो. होकारार्थी उत्तर तो मूळ मांडणीनुसार ३१ दिवस लक्षात ठेवतो, त्यामुळे मुख्य सर्व्हर बंद असला तरी नेहमीचे पत्ते ओळखले जातात.

प्रतिसाद २

मोठ्या पुरवठादारांबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच आहे. तुम्ही ज्या अर्थाने बॅकअप म्हणता, तसा त्यांच्याकडे नसतोच. गूगल वर्कस्पेसमध्ये पूर्वी १, ५, ५, १० आणि १० अशा क्रमांकांच्या पाच एमएक्स नोंदी द्याव्या लागत. पण कोणत्याही दाराने गेलात तरी आत पत्त्यांची यादी तीच आणि गाळणीही तीच, त्यामुळे मागच्या दाराने जाऊन स्पॅमरला काहीच मिळत नसे. २०२३ पासून नव्या ग्राहकांना एकच नोंद पुरते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही डोमेनला एकच नोंद मिळते आणि तिच्यामागे अनेक यंत्रे काम करतात.

खरी अडचण ग्राहकाने स्वतःचा जुना बॅकअप त्यांच्यापुढे ठेवला की सुरू होते. तेव्हा प्रत्येक मेल बॅकअपच्या आयपीवरून आल्यासारखा दिसतो, एसपीएफची (पाठवणाऱ्या डोमेनने त्या आयपीला परवानगी दिली आहे का याची) तपासणी चुकते आणि स्पॅमचे खापर बॅकअपवर फुटते. यासाठी गूगलकडे ‘इनबाउंड गेटवे’ आणि मायक्रोसॉफ्टकडे ‘एन्हान्स्ड फिल्टरिंग फॉर कनेक्टर्स’ ही सोय आहे. त्यात बॅकअपचा आयपी नोंदवला की तो वगळून त्याच्या आधीचा, म्हणजे मेल खरोखर जिथून आला तो आयपी तपासला जातो. तुमच्या मुख्य सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन ही गाळणी असेल, तर हेच काम ‘इंटर्नल_नेटवर्क्स’मध्ये बॅकअपचा आयपी लिहून होते. अनेक जण हे विसरतात आणि मग गाळणीलाच दोष देतात.

प्रतिसाद ३

मी थोडे वेगळे मत मांडतो. चार तासांच्या खंडासाठी बॅकअपची गरजच नाही. एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हरांमधील मेल-देवाणघेवाणीच्या, आरएफसी ५३२१ या नियमपत्राप्रमाणे मेल पोहोचला नाही तर पाठवणाऱ्या सर्व्हरने तो आपल्या क्यूमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे असतात आणि निदान चार-पाच दिवस हार मानायची नसते. म्हणजे तुमचा बॅकअप पाठवणाऱ्याच्या यंत्रावर आधीच आहे, तोही फुकट. काही आपोआप निघणारे मेल दोन-तीन प्रयत्नांत सोडून दिले जातात हे खरे, परंतु त्यांच्यासाठी रोजचा हा उपद्रव सोसणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. त्या गृहस्थांना आज क्षमापत्र पाठवले. क्यूमधले फक्त ‘मेलर-डीमन’चे मेल पुसले आणि पत्त्यांची यादी बॅकअपवर चढवली, दुपारपासून एकही नवा बाउन्स तयार झालेला नाही. पावसाळा संपला की बॅकअपची नोंद काढून टाकावी असे वाटते. त्याच दिवशी यंत्र बंद केले तर चालेल का?

प्रतिसाद ३

लगेच बंद करू नका. आधी नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ साठवून ठेवायची तो काळ) कमी करा, मग नोंद काढा. जुना टीटीएल उलटेपर्यंत यंत्राने मेल स्वीकारत राहायला हवे. नाहीतर मुख्य सर्व्हर बंद असताना ज्यांच्याकडे जुनी नोंद साठवलेली आहे, त्यांचे सर्व्हर बंद यंत्राकडे विनाकारण प्रयत्न करत राहतील. क्यू पूर्ण रिकामी झाली की २५ क्रमांकाचे पोर्ट (मेल आत येण्याचे दार) बंद करा. स्पॅमर त्या आयपीवर पुढेही बरेच दिवस येत राहतील, तेव्हा ते भाड्याचे यंत्र लगेच दुसऱ्या कोणाच्या मेलसाठी वापरू नका.