प्रबंधासाठी सिरीयल निवडलीये, पण प्रेक्षक, इंडस्ट्री की संहिता? सल्ला हवाय

रिकामी_खुर्ची
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी रोज लागणारी एक कौटुंबिक सिरीयल घेतलीये, आठशेच्या वर एपिसोड झालेत. विषय लिहून दिला होता 'मालिकेतली नायिका आणि तिचा बायकांवर होणारा परिणाम'. गाईडनी परत केला, म्हणाल्या यात तीन वेगवेगळे प्रबंध आहेत, एक संहितेचा (म्हणजे पडद्यावर जे दिसतं-ऐकू येतं त्याचा), एक प्रेक्षकांचा, एक इंडस्ट्रीचा, त्यातला कुठला करायचाय ते ठरवून ये. हातात सहा महिने आहेत. मला ही सिरीयल मनापासून महत्त्वाची वाटते, इतक्या जणी रोज बघतात आणि तिच्याबद्दल धड कोणी लिहीत नाही. कुठून सुरू करू, काय वाचू, आणि खरंच एकच निवडावं लागतं का?

तिसरी_घंटा
गाईडचं शंभर टक्के बरोबर आहे. आधी 'परिणाम' हा शब्द खोडून टाक. एपिसोड कितीही बारकाईने बघितलास तरी त्यातून एवढंच कळतं की त्यात कुठले अर्थ लावायला जागा आहे, समोर बसलेल्या बाईने त्यातला कुठला घेतला हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी हीच चूक केली होती, चार प्रकरणं सीन्सचं विश्लेषण आणि शेवटी एकदम 'त्यामुळे प्रेक्षकांच्या मनावर असं बिंबतं', तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला की कुठल्या प्रेक्षकांच्या, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाचायला ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचा १९७३ चा एन्कोडिंग-डिकोडिंगवरचा (कार्यक्रमात अर्थ भरणं आणि बघणाऱ्याने तो उलगडणं) निबंध घे, छोटा आहे पण दोनदा वाचावा लागतो. काही जण सांगितलेला अर्थ तसाच घेतात, काही थोडा मान्य करून बाकीचा आपल्या अनुभवाने वळवतात, काही सरळ उलटा लावतात, ही मांडणी तिथली. मग डेव्हिड मॉर्ले यांनी ती माणसांवर तपासून बघितली ते वाच, १९८० साली आलं. बीबीसीचा एक कार्यक्रम २९ गटांना दाखवून चर्चा ऐकल्या. सामाजिक वर्गावरून अर्थ ठरेल अशी अपेक्षा होती, पण शिकाऊ कामगार बँक मॅनेजरांच्या जवळ जाणारा अर्थ लावत होते आणि युनियनचे कार्यकर्ते बरोब्बर उलटा. म्हणजे 'अमुक प्रकारची बाई असं बघते' हे आधीच गृहीत धरून चालत नाही.

खिडकीपाशी
संहितेबद्दल माझे दोन शब्द. आठशे एपिसोडचा नाद सोड, सहा-सात घे, पण का तेच घेतले हे एका परिच्छेदात सांगता आलं पाहिजे, उदा. पहिला आठवडा, किंवा नायिका घर सोडते त्याच्या आजूबाजूचे. प्रत्येक एपिसोड तीनदा बघ. एकदा नुसता, एकदा आवाज बंद करून, एकदा स्क्रीनकडे पाठ करून नुसता आवाज ऐकत. आवाज बंद केला की कळतं क्लोजअप कोणाला मिळतोय, बोलणाऱ्याला की ऐकणाऱ्याला, आणि या प्रकारच्या मालिकेत ऐकणाऱ्याचा चेहरा हाच खरा सीन असतो हे माझं ठाम मत. वहीत शॉट नंबर, किती सेकंद, कोण दिसतंय, कॅमेरा कुठे, एवढंच लिहायचं, 'तिचं दुःख दिसतं' असलं काही नाही. ते नंतर.

आणि एपिसोड शक्यतो टीव्हीवर लागतो तसा रेकॉर्ड कर, जाहिराती आणि पुढच्या कार्यक्रमाच्या प्रोमोसकट. अॅपवर मिळतो तो वेगळा अनुभव असतो. ब्रिटिश लेखक-समीक्षक रेमंड विल्यम्स एकदा मायामीत टीव्हीवर सिनेमा बघत होते, मधे जाहिराती आणि दुसऱ्या दोन सिनेमांचे ट्रेलर असे काही मिसळले की नक्की काय बघतोय तेच कळेना, आणि त्यातूनच टीव्ही म्हणजे सुटे कार्यक्रम नाहीत, एक सलग प्रवाह आहे, ही कल्पना त्यांनी १९७४ च्या पुस्तकात मांडली. ब्रेक कुठे येतो ते बघ, लेखक त्या ब्रेकसाठीच सीन चढवत नेतो.

पत्र_आलं
वरच्या दोघांशी सहमत, पण रिकामी_खुर्ची, तुझ्या पोस्टमधून मला तरी असं दिसतंय की तुला बघणाऱ्या बायकांबद्दलच बोलायचंय. मग तेच कर ना. त्यासाठी शेकडो लोक लागत नाहीत. माध्यमांच्या अभ्यासक आयेन आंग यांनी नेदरलँड्समध्ये एका मासिकात छोटी जाहिरात दिली की मला डॅलस ही अमेरिकन कौटुंबिक मालिका बघायला आवडते पण लोक विचित्र बघतात, तुम्हाला काय वाटतं ते कळवा, आणि ४२ पत्रं आली. त्या ४२ पत्रांवर अख्खं पुस्तक उभं आहे. लोकांना गोष्ट खोटी वाटत होती आणि भावना खरी, हे त्यांना त्या पत्रांत सापडलं.

इंटरव्ह्यूत 'नायिका कशी वाटते' असं विचारू नकोस, सगळ्या चांगली म्हणतील आणि संपलं. त्यापेक्षा 'काल काय झालं ते मला सांगा, माझा एपिसोड चुकला' असं म्हण (खरंच चुकव, खोटं बोलायला नको). लीब्ज आणि कॅट्झ या संशोधकांनी डॅलसवरच हे केलं, गटांना एपिसोड दाखवून गोष्ट परत सांगायला लावली. कोणी घटना क्रमाने सांगितल्या, कोणी पात्रांच्या मनातलं सांगत बसलं, रशियातून इस्रायलमध्ये आलेले लोक तर यातून निर्मात्यांना काय म्हणायचंय त्यावरच बोलले. कोणी काय गाळलं हाच तुझा डेटा. आणि एक तासाचा इंटरव्ह्यू उतरवून काढायला पाच-सहा तास जातात हे धरून प्लॅन कर, आठ-दहा जणी पुष्कळ झाल्या.

नामावली_वाचक
इंडस्ट्रीची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून लिहितोय. प्रेक्षक हा शब्द चॅनेलच्या ऑफिसात वेगळ्या अर्थाने चालतो, तिथे प्रेक्षक म्हणजे जाहिरातदाराला विकायचा आकडा. कोण काय बघतंय ते मोजणारे मीटर निवडक घरांत असतात, त्यावरून सगळ्यांचा अंदाज काढतात, आणि टीव्ही चालू ठेवून बाई दुसऱ्या खोलीत गेली तर तिने स्वतः बटण दाबल्याशिवाय मीटरला ते कळत नाही. नेटफ्लिक्सचं बघा, आधी ७० टक्के बघितलं तर मोजायचे, २०२० पासून दोन मिनिटं, मग एकूण तास, आणि २०२३ पासून एकूण तास भागिले कार्यक्रमाची लांबी. लोक तेच, मोजणी बदलली की हिट बदलतात. त्यामुळे 'इतक्या जणी बघतात' असं लिहिताना कोणी मोजलं आणि कशासाठी हे एका ओळीत तरी लिही.

निर्मितीतल्या लोकांशी बोलणं मात्र सहा महिन्यांत जमेलच असं नाही. वेळ मिळाली तरी ठरलेली उत्तरं मिळतात, हेच सगळ्या मुलाखतींत दिलेलं असतं. जॉन कॉल्डवेल या अमेरिकन अभ्यासकांनी यावरच काम केलंय, की इंडस्ट्रीतली माणसं स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतात ती पण एक संहिता म्हणूनच वाचावी. एपिसोडची नामावली (क्रेडिट्स) उतरवून घे, लेखक कधी बदलले ते त्यात सापडतं आणि नायिकेचा स्वभाव अचानक का बदलला ते बरेचदा तिथेच उलगडतं.

रिकामी_खुर्ची
सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनदा वाचलं. पत्र_आलं, तुमचं बरोबर आहे, मला बायकांशीच बोलायचंय. आता असं लिहिलंय, 'नायिका घर सोडते तो आठवडा दहा प्रेक्षक स्त्रिया परत कसा सांगतात'. संहितेचं एक प्रकरण फक्त त्या सहा एपिसोडचं, म्हणजे पडद्यावर काय होतं आणि त्यांनी काय गाळलं ते शेजारी ठेवता येईल. चालेल का?

तिसरी_घंटा
चालेल काय, पळेल. फक्त ते सहा एपिसोड तू आधी उतरवून काढ, मग इंटरव्ह्यू घे. उलटं केलंस तर त्यांनी जे सांगितलं तेच तुला पडद्यावर दिसायला लागेल.

पत्र_आलं
यावर माझं उलट मत आहे. आधी उतरवलंस तर त्या चुकीचं सांगताना तू मनात दुरुस्त करत बसशील आणि चेहऱ्यावर दिसेल. दोन इंटरव्ह्यू आधी घेऊन बघ, मग एपिसोड, मग उरलेल्या आठ. फरक पडला तर तोही प्रबंधात लिही.