मदत हवी आहे: टाच आठ महिने दुखतेय, त्यात आता घोटाही मुरगळला

भिंत_धरून_चालणारी

नमस्कार मंडळी. टाचदुखीचे जुने धागे चाळले, पण निम्मे अर्धवट सोडलेत, विचारणाऱ्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगतच नाही. म्हणून नवा काढतेय. लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

वय ४७, वजन पाहिजे त्यापेक्षा जास्त, काम दिवसभर उभं राहून शिकवायचं. आठ महिन्यांपासून उजवी टाच दुखतेय, म्हणजे अख्खी टाच नाही, तळव्याकडून आतल्या बाजूला, टाच संपून कमान जिथे सुरू होते ना, बरोब्बर तिथे. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की कुणी खिळा ठोकल्यासारखं होतं. मग भिंत धरून, पावलाच्या बाहेरच्या कडेवर कशीबशी बाथरूमपर्यंत जायचं, दहापंधरा पावलांनी जरा सैल पडतं. दिवसा ठीक असतं आणि संध्याकाळी अर्धा तास बसून उठलं की पुन्हा पहिल्यापासून.

एक्सरे काढला तर टाचेच्या हाडाला पुढे चोचीसारखं टोक आलेलं. डॉक्टर म्हणाले हाड वाढलंय. तेव्हापासून ती चोच माझ्या डोक्यातच बसलीय, प्रत्येक पावलाला वाटतं आता टोचली. आधी गोळ्या झाल्या, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं (देताना ब्रह्मांड आठवलं), दीड महिना इतकं छान गेलं की मी विसरूनच गेले, आणि मग एके सकाळी खिळा परत हजर. आता ते म्हणतायत अजून एक घ्या, नाहीतर ऑपरेशनचा विचार करा.

हे कमी होतं म्हणून सहा दिवसांपूर्वी जिना उतरताना टाच वाचवायला कडेवर पाय टाकला आणि तो आत वळला. कट्कन आवाज आला. बाहेरच्या घोट्याशी लिंबाएवढी सूज, दुसऱ्या दिवशी खाली बोटांपर्यंत काळंनिळं. लंगडत का होईना तेव्हाही चालत घरी आले आणि आताही चालतेय. क्रेप बँडेज बांधलंय, एक्सरे काढलेला नाही.

तर प्रश्न असा की ती चोच कापल्याशिवाय हे जाणारच नाही का, दुसरं इंजेक्शन घ्यावं का, घोट्याचा एक्सरे काढू का, आणि पायाला आराम द्यायचा म्हणजे नक्की किती, कारण मी झोपून राहिले तर सकाळचं पहिलं पाऊल जास्तच जीवघेणं होतं. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

उभा_जन्म

+१. मला दोन्ही टाचा. वाचतोय.

पोटरी_ताण

मी फिजिओथेरपीच करते, पण इथून पाय तपासता येत नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

आधी घोटा, कारण तो ताजा आहे. प्रत्येक मुरगळीला एक्सरे लागत नाही. कधी लागतो याचा एक साधा नियम आहे, कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ मध्ये बसवलेला, आणि तो आजही जगभर वापरतात. घोट्याची जी दोन हाडं बाहेर दिसतात, त्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून वर साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत, अंगठ्याने दाबत जा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मधे एक हाडाचा उंचवटा लागतो तो दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं जे हाड पुढे आलेलं असतं तेही. यातल्या कुठल्याही हाडावर दाबून नेमकं दुखलं तर एक्सरे. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत तरी एक्सरे. लंगडत टाकली तरी ती पावलंच धरायची. बाकी वेळी बहुधा लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) ताणलेलं किंवा थोडं फाटलेलं असतं, बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या बाजूचं सगळ्यात जास्त वेळा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर मात्र या दाबून बघण्यावर विसंबू नका.

आता ती चोच. अहो, तिचं टोक पुढे बोटांच्या दिशेने असतं, खाली जमिनीकडे नाही, त्यामुळे ती तुम्ही समजता तशी पावलागणिक टोचत नाही. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्सरेत ती सापडते, आणि ज्यांचं दुखणं गेलं त्यांचीही चोच जागच्या जागीच राहते. दुखतो तो तळव्याचा जाड पट्टा, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला, त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. त्याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार बरेच दिवस पडत राहिला की तो टाचेशी जिथे चिकटलेला असतो तिथे खराब होतो. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, तोच तुमचा खिळा.

पलंगावरून उतरायच्या आधी एक करा. उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या, पायाची पाचही बोटं हाताने धरून नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा, तारेसारखा ताठ पट्टा लागला म्हणजे बरोबर ओढलंय. दहा मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, पण सकाळचं पाऊल टेकवण्याआधीचं चुकवायचं नाही. दिवसभरात पोटरी ताणायची: भिंतीला हात, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट, तीन वेळा. घरातही अनवाणी चालू नका. ज्या चपलेचा तळ मधूनच दुमडतो ती बाजूला ठेवा, चप्पल फक्त चवड्यापाशी वाकली पाहिजे.

घोटा निवळला की ताकदीचं काम. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळतात आणि पट्टा ताणलेला राहतो. तीन मोजत टाच वर, वर दोन मोजेपर्यंत थांबा, तीन मोजत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये याचा अभ्यास झाला तेव्हा तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा हे करणारे पुढे होते, वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच. आधी दोन्ही पायांवर, मग एकावर.

इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, तुम्हाला वाटलंच. पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते आणि कधी कधी तो पट्टाच तुटतो, म्हणून मी तरी आधी हा व्यायाम नीट, रोज, तीन महिने झालाय का ते विचारीन. ऑपरेशन सगळ्यात शेवटी, सहा ते बारा महिने बाकी सगळं करून झाल्यावर, त्याच्याआधी शॉकवेव्हसारखे (बाहेरून यंत्राने लहरींचे धक्के देतात ते) उपायही आहेत. बहुतेकांचं ऑपरेशनशिवायच जातं, पण महिने लागतात.

भिंत_धरून_चालणारी

ताई, किती सविस्तर! आत्ता बसून सगळं दाबून बघितलं. हाडाच्या मागच्या कडेला काही नाही, करंगळीकडचा उंचवटा ठीक, पण घोट्याच्या हाडाच्या जरा पुढे आणि खाली खड्ड्यासारखी मऊ जागा आहे तिथे बोट लावलं तर जीव गेला. म्हणजे लिगामेंटच ना? आणि क्रेप बँडेज रात्री सोडायचं का?

खरं सांगायचं तर आठ महिन्यांत मला ताणायचं कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही, पहिल्या डॉक्टरांनी एक कागद दिला होता, मी तो फ्रीजवर लावला आणि रोज बघत होते.

पोटरी_ताण

हाहा, तो कागद बऱ्याच जणांच्या फ्रीजवर असतो.

हो, ती जागा लिगामेंटचीच आहे. बँडेज झोपताना सोडा, पाय उशीवर उंच ठेवा. पहिल्या दोनतीन दिवसांनंतर घोटा बांधून गप्प बसायचं नाही. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा, पूर्ण क पासून ज्ञ पर्यंत, दिवसातून तीनचारदा. संध्याकाळची सूज काही आठवडे राहू शकते. सहा आठवड्यांनीही सांधा अडकल्यासारखा वाटला किंवा आत खोल दुखत राहिलं तर दाखवा, कधी आतल्या कूर्चेला लागलेलं असतं.

मंद_धावक

माझा अनुभव जरा वेगळा आहे पण लिहितो, कारण मी दुसऱ्याचा व्यायाम उचलून तोंडावर पडलोय. माझी टाच मागून दुखायची, बुटाची कड जिथे घासते तिथे. मीही कुणाचं तरी ऐकून पायरीवर उभं राहून टाचा पायरीच्या खालपर्यंत सोडायला लागलो, १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे वगैरे. तीन आठवड्यांत वाढलंच. मग कळलं की पोटरीची ती जाड शीर (अकिलीस) मधेच, टाचेच्या दोनेक इंच वर दुखत असेल तर हा व्यायाम उत्तम, पण माझी हाडाला चिकटते तिथेच दुखत होती, तिथे टाच पायरीखाली सोडायची नसते, सपाट जमिनीपर्यंतच. तेवढा एक बदल केला आणि बुटात टाचेखाली छोटी गादी घातली, चार महिन्यांनी पळायला लागलो.

अजून एक, याच शिरेबद्दल. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जातीची अँटिबायोटिकं चालू असताना किंवा नुकती झाली असताना ती शीर दुखायला लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा. आणि पळताना कुणी मागून लाथ मारल्यासारखं वाटून वळून बघितलं तर मागे कुणीच नाही, असं झालं तर शीर तुटली असू शकते, बर्फ लावत घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

शंकासुर

सगळ्यांचं बरोबर आहे, पण धागा वाचून उद्या प्रत्येक जण टाच ताणत बसेल म्हणून आडवा येतो. वर ते उभा_जन्म लिहून गेलेत की दोन्ही टाचा. दादा, सकाळी कंबरही अर्ध्या तासाहून जास्त आखडते का? चालल्याफिरल्यावर मोकळी होते का? तसं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा, टाच हे निमित्त असू शकतं. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखत असेल आणि चालणं अचानक वाढवलेलं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती पहिल्या दोनतीन आठवड्यांत एक्सरेत दिसेलच असं नाही. जळजळ, मुंग्या येत असतील तर नस.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला मधुमेह आहे आणि पाय दुखत नाही म्हणून मी खुशीत होतो. नवीन बूट, दिवसभर चाललो, रात्री मोजा काढला तर तो टाचेला चिकटलेला. फोड येऊन फुटलाही होता आणि मला पत्ता नाही. ती जखम भरायला अडीच महिने गेले. आता रोज रात्री आरशात तळवे बघतो आणि बुटात पाय घालायच्या आधी हात घालून बघतो. बायको हसते, हसू दे.

उभा_जन्म

कंबर आखडते. वाटलं वयामुळे. वय ३१ आहे 😐 अपॉइंटमेंट घेतो.

मधेच_तोंड

धागा पळवत नाही पण अंगठ्याचं नख कडेला रुतलंय, लाल झालंय, पू नाही. काय करू?

पोटरी_ताण

नख कोपऱ्यात गोल कापत जाऊ नका, सरळ कापा, आणि कोपरा खणून काढू नका, तिथेच सगळे फसतात. कोमट पाण्यात रोज पाय बुडवा, चवड्याला मोकळा बूट. पू झाला किंवा मधुमेह असेल तर घरचे प्रयोग बंद, डॉक्टर. जास्त विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा.

भिंत_धरून_चालणारी

बारा आठवडे झाले. मीच धागे अर्धवट सोडणाऱ्यांना नावं ठेवली होती, त्यामुळे यावंच लागलं.

दुसरं इंजेक्शन घेतलं नाही. डॉक्टरांना सरळ विचारलं की तीन महिने व्यायाम करून येऊ का, ते म्हणाले जरूर, तुम्ही करत असाल तर मला हवंच आहे. पहिले तीन आठवडे काडीचा फरक नाही, मी इथे येऊन चिडून लिहिणार होते. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बाथरूमपर्यंत पोचले आणि लक्षात आलं की भिंतीला हात लावलाच नाही. मधे एकदा हुरळून जाऊन दिवसभर चपटी चप्पल घालून फिरले, त्याचे चार दिवस भोगले. आता सकाळी पहिली दोन पावलं ताठ जातात, पण खिळा नाही. टॉवेलवाला प्रकार एका पायावर आठपर्यंत जमतो, नवव्याला पोटरी थरथरते. वजन दोन किलो उतरलं, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ठरवलेलं नाही.

घोट्याची सूज सहाव्या आठवड्यात गेली. पण दात घासताना डाव्या पायावर मी आरामात मिनिटभर उभी राहते आणि उजव्यावर वीस सेकंदांत बेसिन धरावं लागतं. हे असंच राहणार का?

पोटरी_ताण

नाही राहणार, पण सोडूनही देऊ नका. लिगामेंट भरलं तरी घोट्याला तोल सावरायचं परत शिकवावं लागतं, नाहीतर तोच घोटा पुन्हा मुरगळतो. दोन्ही वेळा दात उजव्याच पायावर घासा. चाळीस सेकंद झाले की डोळे मिटून करा, बेसिन जवळ असू द्या. आणि जिना उतरताना कडेवर नाही, पूर्ण पाऊल टेकवून.

उभा_जन्म

उशिरा लिहितोय. रक्त तपासलं, एमआरआय झाला, संधिवातच निघाला, मणक्याचा. औषध सुरू झालंय. शंकासुर, आभार.