एका डायलच्या कॅमेऱ्यावर मॅन्युअलचा हट्ट कशाला?

शहापूर_५०एमएम

बेळगावात लग्नाचं काम शिकायला आलेल्या पोरांना पहिल्या दिवशीच सांगितलं जातं: मोड डायल मॅन्युअलवर ठेव आणि तिथून हलवू नकोस, म्हणजे शटरचा वेळ, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) तिन्ही तूच ठरव. मला हे पटत नाही, आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री याचा तोटा उघड दिसतो.

त्या मिरवणुकीत उजेड पावलापावलाला बदलतो. ट्रॉलीवरच्या हॅलोजनसमोर उभ्या मावळ्याच्या चेहऱ्याला एफ २.८ आणि १/१२५ ला आयएसओ ८०० पुरत असेल, तर त्याच रथामागे दहा पावलांवर खेळणाऱ्या लेझीम पथकाला ६४०० लागतो. तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० ला मोड डायल सोडला तर सेटिंग बदलायचा डायल एकच. नुसता फिरवला तर शटर बदलतं, अ‍ॅपर्चरसाठी +/- चं बटण दाबून धरून तोच डायल फिरवायचा, आयएसओसाठी आणखी तिसरीकडे बोट न्यायचं. तोवर लेझीमचा हात खाली आलेला असतो.

त्यापेक्षा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ (आयएसओही कॅमेराच ठरवतो), कमाल मर्यादा ६४००. चौकटीत काळं आभाळ जास्त असलं की मीटर (कॅमेऱ्यातला उजेडमापक) फोटो उजळ करतो, म्हणून −२/३ ते −१ स्टॉप भरपाई (मीटरच्या हिशोबापेक्षा मुद्दाम गडद) आधीच लावून ठेवा.

कार्यालयवाला_टिळकवाडी

मिरवणूक वर्षातून एकदा असते, लग्नं हंगामभर. कार्यालयात तुमची अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी टिकत नाही.

आता स्टेजमागे एलईडी वॉल असते. नवरा-नवरीच्या चेहऱ्यावरचा उजेड तासभर तसाच राहतो, पण मागचा पडदा कधी गडद लाल, कधी पांढराशुभ्र. पांढरा झाला की मीटर घाबरतं आणि एक ते दोन स्टॉप कमी करतं. आहेराच्या रांगेत एकाच जागेवरून काढलेल्या फोटोंत नवरीचा चेहरा एकदा उजळ, एकदा सावळा. अल्बम लावणाऱ्याला एकेक फोटो दुरुस्त करत बसावं लागतं. मॅन्युअलमध्ये एफ ४, १/१२५, आयएसओ १६०० ठरवलं की पडदा काहीही दाखवो, चेहरा बदलत नाही. उजेड बदलत नसेल तर डायलला हात लावायचाच नाही, मग डायल एक की दोन, काय फरक पडतो?

एक अट मात्र पाळा. १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) असेल तर अ‍ॅपर्चर आधीच एफ ५.६ ला ठेवा. १८ ला एफ ३.५ लावून ५५ पर्यंत झूम केलं तर लेन्स आपोआप ५.६ वर जाते (आकडा मोठा, छिद्र लहान) आणि मॅन्युअलमध्ये फोटो सव्वा स्टॉपहून जास्त काळा पडतो. पोरं दोष सेटिंगला देतात.

खानापूरची_वाट

दोघांच्या मधला रस्ता आहे की: मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ. शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ ४, उरलेलं कॅमेरा बघेल. भीमगडच्या झाडीत सावलीतून उन्हात उडणाऱ्या पक्ष्यामागे १/१६०० ला याशिवाय निभाव नाही. पेंटॅक्सने तर २००६ च्या के१०डी मध्ये यासाठी मोड डायलवर वेगळी जागाच दिली.

कार्यालयवाला_टिळकवाडी

खानापूरकर, पक्ष्याला ठीक आहे, पण स्टेजवर ते मॅन्युअल उरत नाही. मीटर पडदा बघून आयएसओ खाली आणतं, म्हणजे दुखणं जिथल्या तिथं. त्यात कॅननच्या जुन्या आणि स्वस्त बॉडींवर मॅन्युअल-ऑटो आयएसओला भरपाई लावताच येत नाही.

निकॉनवाल्यांनी आणखी एक बघावं. ऑटो आयएसओ मेनूतून बंद केला नाही तर तो मॅन्युअलमध्येही चालूच राहतो. आपण १६०० लावतो आणि कॅमेरा तो फक्त तळ धरतो, त्याच्यावर हवा तेवढा चढतो. व्ह्यूफाइंडरमध्ये "आयएसओ-ऑटो" लुकलुकत असतं, पण तिकडं लक्ष कोण देतो? मग शटर कितीही फिरवा, फोटोचा उजेड तसाच, आणि पोरगं म्हणतं डायल बिघडला.

निपाणीकर

फ्लॅशचं कुणी बोललंच नाही. कॅननवर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत फ्लॅश लावला तर कॅमेरा आधी खोलीचा उजेड मोजतो आणि शटर १/१५, १/८ असं खाली नेतो. अक्षता पडताना वऱ्हाड हलतंच: फ्लॅशचा चेहरा स्पष्ट, आणि त्याच्याभोवती दुसरा पुसट चेहरा. लोकांना वाटतं फोकस गेला. कस्टम फंक्शनमध्ये अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीतल्या फ्लॅश सिंकची (फ्लॅशसोबतच्या शटरवेगाची) नोंद आहे. ती ऑटोवरून "१/२०० ते १/६०" वर आणा. निकॉन मुळातच १/६० च्या खाली जात नाही, स्लो सिंक (फ्लॅशसोबत मंद शटर) निवडलं तरच जातो.

एलईडी माळांखाली काळे पट्टे येत असतील तर मोडशी भांडू नका, शटरकडे बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. एलईडी वॉल स्वतःच्या वेगळ्या वेगानं लुकलुकते, तिथं शटर बदलून बघण्याला पर्याय नाही. आणि इथं मॅन्युअल किंवा शटर प्रायॉरिटीच (शटर आपलं, छिद्र कॅमेऱ्याचं) लागते, कारण अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी शटर हातात ठेवू देत नाही.

शहापूर_५०एमएम

स्टेजच्या पडद्याचा मुद्दा मान्य. तिथं मॅन्युअलच. पण मिरवणुकीवर मी ठाम आहे, फक्त थोडी दुरुस्ती करतो. डी३५०० मध्ये ऑटो आयएसओसोबत किमान शटर १/१२५ लावता येतं. १५००डी मध्ये ती सोय नाही, १८ एमएमला तो १/३० पर्यंत खुशाल उतरतो आणि लेझीमचा नुसता धूर होतो. त्या बॉडीवर शटर प्रायॉरिटी १/१२५ आणि ऑटो आयएसओ. अंधारात अ‍ॅपर्चर तसंही पूर्ण उघडंच राहतं, गेलं काय?

सौंदत्ती_रोड

यल्लम्मा डोंगरावर भर उन्हात भंडारा उधळतात तिथं हा वाद बाजूला ठेवावा लागतो. पुस्तकी हिशोब असा: पिवळा रंग फिका, मीटर त्याला करडा समजून फोटो अंधारा करतं, म्हणून +१ लावा. तसं केलं की भंडारा जातो. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरलेले, त्यात लाल आधी फुटतो, म्हणजे इतका उजळतो की तपशील उरत नाही. पागोट्याच्या घड्या, कपाळावरचा थर, सगळं सपाट लिंबाच्या रंगाचं दिसतं. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून कळत नाही, कारण निळा रिकामा असल्यानं एकूण उजेड ठीकच दिसतो. आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा) लावा, लाल रंगाची टेकडी उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. शून्य किंवा −१/३ आणि रॉ (सेन्सरची कच्ची फाइल). गुलालालाही हेच.

खानापूरची_वाट

पण सर, मग चेहरे काळे पडतात. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत सावली आणि वर −१/३?

सौंदत्ती_रोड

चेहरा रॉमधून एक स्टॉप उचलता येतो, फुटलेला लाल परत येत नाही. मी चेहऱ्यापेक्षा भंडारा वाचवीन. ज्यांना जागेवरच जेपेग द्यायचे आहेत त्यांनी फिल फ्लॅश (सावली भरायला) लावावा, पण उन्हात फ्लॅशसोबत शटर १/२०० च्या वर जात नाही, म्हणून आयएसओ १०० ला एफ ११ च्या आसपास राहावं लागतं.

निपाणीकर

गोकाकच्या धबधब्याबद्दल खाली कुणी विचारायच्या आधीच: ट्रायपॉडवर मॅन्युअलच. आयएसओ १००, एफ १६ ला भर उन्हात १/१०० येतं, एनडी६४ (उजेड ६४ पट कमी करणारा काळा फिल्टर) लावला की सहा स्टॉप जाऊन साधारण अर्ध्या सेकंदाच्या वर. एफ २२ ला जाऊ नका, सगळा फोटोच मऊ पडतो. घटप्रभेला लाल पाणी भरलेलं असताना अर्धा सेकंदही जास्त होतो, १/८ ला पाण्याचा जोर दिसतो.

ऑटो मोडमध्येच काढायचं असेल तर व्ह्यूफाइंडर झाका. काळा फिल्टर लावल्यावर डोळा बाजूला असला की मागून उजेड शिरतो, मीटरला वाटतं भरपूर आहे, आणि फोटो काळा येतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांच्या पट्ट्यालाच ते रबरी झाकण अडकवलेलं असतं. व्ह्यूफाइंडरची वाटी काढून ते वरून सरकवायचं. लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) त्याची गरज नाही.